न वाजलेली बाटली

अण्णा, तुम्ही चोरून खात नव्हता. हे आधी लिहून टाकते. पुढचं लिहायचं धैर्य झालं नाही तरी एवढं एक वाक्य छापून येईल.

इथल्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक काढणाऱ्या नलूताईंनी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. त्यांना जन्मगाव, नोकरी, स्वभाव असं सगळं ओळीनं हवंय. पण तुमची ओळख इथे कुणाला करून द्यायची? दर गणपतीत ज्यांनी तुमच्या हातचा मसालेभात दोनदा वाढून घेतलाय, त्यांना तुम्ही चांगले माहीत आहात. त्याच लोकांना तुमच्याबद्दल एक खोटी गोष्टही माहीत आहे. ती माझ्या तोंडून निघाली आणि आईच्या तोंडून घरोघरी गेली. म्हणून या दोन पानांवर तेवढीच एक गोष्ट लिहिणार आहे. नलूताईंनी जन्मगाव वाटल्यास वर चौकटीत टाकावं.

तुम्ही लष्करातले स्वयंपाकी, शिक्षण सातवी. शेवटची बदली कोलकात्याला, फोर्ट विल्यमला झाली तेव्हा मी चौथीत होते. पेन्शन घेतली की साताऱ्याकडे परतायचं ठरलेलं होतं, पण माझी शाळा, मग कॉलेज, मग एम.एस्सी. असं करत आपण डमडमच्या दोन खोल्यांतच राहून गेलो. आपल्या घराण्यात, तुमच्या बाजूनं आणि आईच्याही बाजूनं, पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, न विचारता सांगते. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा तुम्ही आधी साबणानं हात धुऊन आलात आणि मगच तो हातात घेतलात. त्या दिवसापासून मला मनी म्हणायचं सोडून 'साहेब' म्हणायला लागलात. "साहेब, जेवायला बसा. साहेब, चष्मा कुठं ठेवलात?" आई चिडायची, पोरीला डोक्यावर बसवताय म्हणायची. तुम्ही म्हणायचात, आयुष्यभर दुसऱ्यांच्या साहेबांना वाढलं, आता घरचा साहेब आहे.

मला ते फार आवडायचं. आता आठवलं की मान वर करवत नाही.

बाजार हे तुमचं काम होतं. इथल्या बंगाली म्हाताऱ्यांसारखं सकाळी सकाळी पिशवी घेऊन निघायचं, हे तुम्ही कोलकात्याकडून घेतलंत. बाकी तुमचं बंगाली शेवटपर्यंत साताऱ्याचंच राहिलं. मासळीवाल्याकडे आपलं काही काम नसताना त्याची मासळी ताजी आहे की नाही यावर तुमचं मत असायचं. ज्वारीचं पीठ बडाबाजारातून, शेंगदाणे एकाच ठरलेल्या मारवाड्याकडून. अननस घेताना तो उलटा करून बुडाचा वास घ्यायचात. त्या अननसवाल्या मासीला, म्हणजे मावशीला, सुरुवातीला राग यायचा, मग ती स्वतःच हुंगून तुमच्यापुढे करायला लागली.

आणि बाजारातून आलेलं सगळं संपवायचं नाही, थोडं राखायचं, ही मेसमधली सवय. वर पहाडात पोस्टिंग असताना भाजी महिना महिना यायची नाही, तेव्हा तुम्ही बाटल्या भरायला शिकलात. जॅमच्या, सॉसच्या, मधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आपल्याकडे कधी भंगारात गेल्या नाहीत. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुना टॉवेल घडी करून घालायचा, म्हणजे बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत. टोमॅटो, कैरी, आंब्याचा रस, जे असेल ते गरम गरम भरायचं, झाकण लावायचं, बाटल्या पाण्यात बुडवून उकळायच्या. मग बाहेर काढून ओळीनं टेबलावर. आणि मग तुम्ही खुर्ची ओढून समोर बसायचात. निवता निवता झाकणाचा मधला फुगीर भाग आत ओढला जातो आणि टक् असा आवाज येतो. एक वाजली, दोन वाजल्या. सगळ्या वाजेपर्यंत तुम्ही उठायचा नाहीत. न वाजलेली बाटली फळीवर ठेवायची नाही, हा तुमचा नियम. "ती आजच उघडायची. ठेवली तर आतल्या आत नासते, आणि बाहेरून दिसत नाही."

मी हसायचे. हवेचा दाब, पोकळी, सगळं तुम्हाला समजावून सांगायचे. तुम्ही मन लावून ऐकायचात आणि शेवटी म्हणायचात, म्हणजे वाजली पाहिजे ना?

मग तुमच्या किडन्यांचं कळलं. डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला. त्या पहिल्याच भेटीत मी डॉक्टरांना थांबवलं होतं, तुम्हाला आठवत असेल. ते मिठाबद्दल समजावायला लागले तेव्हा मी म्हटलं, मी केमिस्ट्रीची आहे, मला एवढं सोपं करून सांगायची गरज नाही. डॉक्टर हसले, "व्हेरी गुड" म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. कागद दोन्ही बाजूंनी छापलेला होता. मी समोरची बाजू वाचली. मीठ कमी, पापड बंद, लोणचं बंद, फरसाण बंद. मला वाटलं, समजलं.

तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलात आणि तिथल्या दादाकडून दोन्ही बाजू वाचून घेतल्यात. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की घरात बारीकसारीक बदल होताहेत. शेंगदाण्यांचा डबा तुम्ही स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवलात. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ज्यांचा घास उतरत नव्हता असे तुम्ही. सकाळी बाजारातून येताना कोपऱ्यावर डाब प्यायचात, ते शहाळ्याचं पाणी बंद झालं. बटाटा चिरून, भिजवून, पाणी फेकून, पुन्हा उकडून, असा काहीतरी उपद्व्याप सुरू झाला. केळी गेली, सफरचंदं आली. मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ. मी विचारलंही नाही. माझ्या लेखी प्रश्न मिठाचा होता आणि मिठाचं मी बघणार होते.

त्याच आठवड्यात मी न्यू टाउनला ऑफिसजवळच्या मोठ्या दुकानातून तो पुडा आणला. कमी सोडियमचं मीठ. हिरवं वेष्टन, त्यावर हृदयाचं चित्र. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून मी तुम्हाला व्याख्यान दिलं. यातलं बरंचसं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घातलंय, चव तीच, त्रास नाही, साधं रसायनशास्त्र आहे. तुम्ही पुडा हातात घेऊन उलटासुलटा बघितलात. मग म्हणालात, "साहेब, त्या कागदाच्या मागल्या अंगाला पण काहीतरी लिहिलंय. वाचलंत ना?"

मी म्हटलं, "वाचलंय, अण्णा. मला इंग्रजी येतं."

वाचलं नव्हतं.

पुढचा महिनाभर आपल्या दोघांत एकच भांडण चालू होतं, आणि ते मी मजेत घेत होते. मी म्हणायचे, आता एवढी दगदग करू नका, मी फोनवरून सगळं मागवते, दारात येतं. तुम्ही म्हणायचात, "न बघता घेतलेल्याला बाजार म्हणत नाहीत. त्याला रेशन म्हणतात. रेशन मी पंचवीस वर्षं खाल्लं." मी फोनवर लेबलं वाचून दाखवायचे, तुम्ही दुधीला नख लावून दाखवायचात. आई म्हणायची, दोघंही वेडे आहात. ते भांडण अजून संपलेलं नाही अण्णा, तुम्ही मध्येच उठून गेलात.

त्या महिन्यात तुम्ही अननसाच्या अकरा बाटल्या भरल्यात. आधीच्या टोमॅटोच्या आणि लोणच्याच्या बाटल्या मागच्या रांगेत सारून त्या पुढे लावल्यात. प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्यावर तारीख, आणि खाली तुमच्या गोल अक्षरात, मीठ नाही, साखर नाही. मी ते वाचलं होतं. वाचून हसलेही होते. म्हटलं, मग आहे काय त्यात? तुम्ही म्हणालात, अननस आहे.

रक्ताची तपासणी झाली आणि त्याच दुपारी डॉक्टरांकडून फोन आला, लगेच घेऊन या. पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. तुम्ही खुर्चीत बसलेले, मी शेजारी, आई घरी. डॉक्टर तुमच्याशी नेहमी हिंदीत बोलायचे, फौजी म्हणून जरा आदरानं. त्यांनी एकेक विचारलं. केळी? नाही. डाब? नाही. बटाटा कसा करता? तुम्ही सगळी कृती सांगितलीत, पाणी किती वेळा फेकायचं ते सुद्धा. डॉक्टर खूश झाले आणि कोड्यातही पडले. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "घर में वो कम सोडियमवाला नमक तो नहीं आता? उसमें पोटॅशियम होता है. किडनी के पेशंट के लिए ज़हर है. मैंने कागज़ के पीछे लिखा है ना, पोटॅशियम मना है."

अण्णा, मला त्या क्षणी सगळं समजलं. साधं रसायनशास्त्र. तुम्हालाही समजलं, कारण तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलात.

मी म्हटलं, "नहीं डॉक्टर. घर में टोमॅटो की, अचार की बोतलें भरी पड़ी हैं. ये चोरी से खाते हैं."

एवढं सहज निघालं तोंडातून. जणू तयार करून ठेवलेलं. त्या माणसापुढे मी छाती पुढे काढून केमिस्ट्री सांगितली होती, त्याच्यासमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं. अडाणी हा शब्द माझ्यामुळे आपल्या घरावरून उतरला म्हणून तुम्ही पेढे वाटले होते. तो मी उचलला आणि तुमच्या अंगावर टाकला.

डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, खरं आहे का. तुम्ही खुर्चीतच पाठ ताठ केलीत आणि म्हणालात, "जी साब. गलती हमारी है."

डॉक्टर रागावले. या वयात जिभेवर ताबा नाही म्हणजे काय, मुलगी एवढी शिकलेली, एवढं करते, आणि तुम्ही. तुम्ही ऐकत होतात. मेसमध्ये वरणात खडा निघाला की उभं राहून ऐकायचं असतं, तुम्हीच सांगितलं होतं, खडा कुणीही टाकलेला असो.

दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, सलाइन लावलं, पोटॅशियम उतरलं. त्या दोन दिवसांत मी तुमच्या पलंगाशेजारी बसून होते. सांगायला वेळच वेळ होता. एकदा तुम्ही म्हणालातसुद्धा, "साहेब, काही बोलायचंय का?" मी म्हटलं, थोडं पाणी घ्या. तुम्हाला पाणीही मोजून होतं, तुम्ही नको म्हणालात.

तो पुडा मी पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन पिशवीत घातला आणि ऑफिसच्या वाटेवर टाकून दिला. आईला सांगितलं, अण्णा बाटल्यांतलं चोरून खात होते, डॉक्टरांसमोर कबूल केलं त्यांनी. आईनं कपाळावर हात मारला. मला म्हणाली, मने, तू किती गं करतेस त्यांच्यासाठी. ते ऐकून घेतलं मी.

आणि खोटं बोललं की ते पुरतं करावं लागतं. तुम्हाला घरी आणल्यावर मी फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली काढल्या. टोमॅटो, लोणचं, आंबा आणि अननस. नुसत्या टोमॅटोच्या ओतल्या असत्या तरी चाललं असतं, पण मग आईनं विचारलं असतं, या का ठेवल्या, यात काय आहे, आणि त्यात काही नव्हतं हेच तर कळायला नको होतं. सिंकपाशी उभी राहून एकेक झाकण उघडत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. अडवलं नाहीत. मध्येच अननसाची एक बाटली उचललीत, बाहेर आईपाशी गेलात, मिनिटभरानं परत आलात आणि ती बाटली माझ्यापुढे ओट्यावर ठेवलीत. मी तीही ओतली. रिकाम्या बाटल्या तुम्ही धुतल्यात, पुसल्यात आणि पालथ्या घालून माळ्यावर ठेवल्यात.

त्यानंतर तुमचा बाजारही बंद केला आम्ही. चोराच्या हातात पिशवी कोण देईल? मी फोनवरून मागवायला लागले. सामान यायचं, तुम्ही दार उघडून घ्यायचात, सही करायचात, टोमॅटो दाबून बघायचात आणि काही न बोलता ठेवून द्यायचात. सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून तुम्ही गॅलरीत बसायचात. खालून बाजारात चाललेले शेजारचे म्हातारे हाक मारायचे, की दादा, बाज़ारे जाबेन ना? बाजारात येत नाही का? तुम्ही हात हलवायचात. आई आतून म्हणायची, जाऊन काय करणार, तिकडेच उभ्यानं काहीतरी खातील. ताट वाढताना ती म्हणायची, सगळं दिसतंय मला, खिशात काही नाही ना? पाहुण्यांसमोर म्हणायची. मंडळाच्या कोजागिरीला तिनं सगळ्या बायकांना सांगितलं, आमच्या ह्यांच्यापासून डबे लपवून ठेवा. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी दूध ढवळत होते.

सहा महिने. तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत की मनी, पुरे. फक्त बाटल्या ओतल्या त्या दिवसापासून मला साहेब म्हणायचं बंद केलंत. पुन्हा मनी म्हणायला लागलात. मला वाटायचं ही शिक्षा आहे. आता कधी कधी वाटतं, तसं नसेल. साहेबानं चूक कबूल करायची पद्धत तुम्ही कधी बघितली नव्हती. मुलीला तेवढी मोकळीक ठेवत असाल. मला ठाऊक नाही. हे विचारायचं राहिलं.

तुम्ही गेलात ते हृदय बंद पडून, दुपारी, पेपर वाचता वाचता. त्या आधीच्या तपासणीत पोटॅशियम ठीक होतं. रिपोर्ट माझ्याकडे आहेत, मी ते दहादा वाचले आहेत, दोन्ही बाजूंनी. तुम्ही माझ्या मिठानं गेला नाहीत. हे मला कळतं. त्यानं काही हलकं होत नाही, कारण मिठाची चूक होती, बाकीचं मी केलं.

भेटायला माणसं आली. मंडळातली आली, खालचे बंगाली शेजारी आले, फोर्ट विल्यमच्या दिवसांतले दोघं तिघं आले. आई प्रत्येकाला तेच सांगायची. पोरीनं जिवाचं रान केलं, पण त्यांचा तोंडावर ताबा नव्हता. येणारे माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. आई रडायची त्यातही तुमच्यावरचा राग असायचा. नीट राहिले असते तर आज असते, म्हणायची. माझ्या लक्षात आलं, आई तुमच्यासाठी नुसतं रडूसुद्धा शकत नाहीये. ते मी तिच्याकडून हिरावून घेतलंय.

तुमची बाजाराची पिशवी दाराच्या मागे होती, सहा महिने तशीच. तेराव्यानंतर मी ती धुवायला काढली. आतल्या खिशात प्लॅस्टिकमध्ये नीट घडी घातलेला डॉक्टरांचा कागद होता. मागच्या बाजूला प्रत्येक इंग्रजी ओळीपुढे तुमच्या गोल अक्षरात मराठी. केळे बंद. शहाळे बंद. शेंगदाणा बंद. टोमॅटो बंद. अननस चालेल, सफरचंद चालेल. बटाटा पाणी टाकून. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईनं:

'पोटॅशियम नको. नव्या मिठात आहे असे मनी म्हणाली. तिला विचारणे.'

त्याच्याखाली:

'विचारले. तिने वाचले आहे.'

अण्णा, म्हणजे तुम्हाला शंका होती, आणि तुम्ही महिनाभर ते मीठ खाल्लंत, कारण मी वाचलंय म्हणाले होते.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेले. पस्तिशी उलटलेली मी, डमडमच्या बाजारात पहिल्यांदा एकटी. दुधीला नख लावायला गेले तर दुकानदार ओरडला. अननसवाल्या मासीनं पिशवी ओळखली, मला नाही. विचारलं, बाबू कुठे आहेत, इतके दिवस आले नाहीत. मी सांगितलं. तिनं एक अननस उचलून उलटा केला, बुडाचा वास घेतला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. असे तीन निवडून तिनं पिशवीत घातले. मी मोठे दाखवले तर म्हणाली, ते बाबूंनी घेतले नसते.

घरी येऊन माळ्यावरच्या सहा बाटल्या काढल्या. आई म्हणाली, आता कशाला हे? मी म्हटलं, करूया. तिनं टॉवेल घडी करून दिला. तुमची कृती तिला सगळी येत होती, इतकी वर्षं ती बघत होती. मीठ नाही, साखर नाही, वरून थोडं लिंबू. उकळून बाहेर काढल्या, टेबलावर ओळ लावली आणि आम्ही दोघी समोर बसलो. मी कागद तिच्यापुढे ठेवला.

आई ओठ हलवत वाचते. शेवटच्या दोन ओळींवर आली तेव्हा पहिली बाटली वाजली. तिनं विचारलं, हे कसलं मीठ. मी सगळं सांगितलं. पुडा, डॉक्टर, दवाखाना, पुडा कुठे टाकला ते. मध्ये कुठेही थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा काहीतरी सोयीचं बोलले असते. दुसरी वाजली, तिसरी वाजली.

आई म्हणाली, "म्हणजे मी त्यांना सहा महिने उगाच बोलले."

मी म्हटलं, हो.

"कोजागिरीला पण."

हो.

तिनं मला शिव्या दिल्या नाहीत, हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं. चौथी आणि पाचवी लागोपाठ वाजल्या. सहावीची आम्ही खूप वाट बघितली. मी झाकणावर बोट ठेवून बघितलं, मधला भाग अजून वरच होता. आई म्हणाली, ही नाही वाजायची, आण इकडे.

मग तिनं मला सांगितलं की हे सगळं लिहून दे. नलूताईंनी पानं मागितलीत ना, त्यात लिही. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांकडे अंक जातो. म्हणून हे लिहिते आहे, अण्णा. माझ्या मनानं लिहिलं असतं की नाही, याची मला खात्री नाही. आई आजकाल माझ्याशी कामापुरतं बोलते. ते बरोबर आहे. पण फोटोसमोर बसून ती तुमच्याशी बोलायला लागली आहे. रागानं नाही.

त्या दुपारी तिनं सहावी बाटली उघडली. दोन वाट्यांत फोडी काढल्या. एक फोड तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिली.

"गोड आहे," ती म्हणाली. "तू बाटल्या ओतत होतीस त्या दिवशी ते एक घेऊन आले होते माझ्यापाशी. म्हणाले, चाखून बघ, यात काही नाही. मी म्हटलं, चोरीचं मला नको."

मला ते ऐकू आलं नव्हतं, अण्णा. मी नळ मोठा सोडला होता.